मागची दिवाळी त्यांनी कुठे केली?

माझ्या नोकरीविषयी लिहायचे तर वसंतरावांविषयी लिहावे लागते. मला ते आवडत नाही. परंतु इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक पुन्हा पुन्हा निरोप पाठवत राहिले, आणि वसंतरावांना वगळून लिहिलेला मजकूर अपुरा ठरला असता. अपुरी नोंद मी आयुष्यात कोणाची स्वीकारली नाही. स्वतःचीही स्वीकारणे बरे नव्हे.

वसंतराव माझ्या धाकट्या बहिणीचे, कुंदाचे यजमान. आम्ही दोघेही एकाच कामात होतो. मी इथे ग्वाल्हेरात, ते माळव्यातल्या एका शहरात. त्या शहराचे नाव लिहीत नाही. तिथले लोक स्वतःवर आधीच पुरेसे खूश आहेत.

काम असे होते. शहरात कर्करोग कोणाला झाला आणि त्याने कोण दगावले, याची मोजणी करायची. त्यासाठी रुग्णालये पाहायची, तपासणीच्या प्रयोगशाळा पाहायच्या, नगर निगमाच्या मृत्युनोंदणी खिडकीवर उभे राहायचे, आणि शेवटी घरी जाऊन विचारायचे. एकच माणूस दोन ठिकाणी मोजला गेला नाही ना, याची खात्री करायची. वर्ष संपले की शहराचा मृत्युदर काढायचा आणि देशाच्या दराशेजारी मांडायचा. आलेखावर देशाची रेषा निळी असे, शहराची लाल. माझी सारी नोकरी त्या दोन रेषांमधले अंतर पाहण्यात गेली.

अंतर पाहणे सोपे वाटते. तसे ते नाही. थाटीपुरातल्या सरकारी क्वार्टरांत राहणारी माणसे नोकरीतली असतात. निवृत्त झाली की क्वार्टर सोडावे लागते. त्यामुळे तिथे म्हातारे थोडे, आणि मृत्यूही थोडे. मी राहतो त्या दर्पण कॉलनीत पेन्शनर पुष्कळ. सकाळी फिरायला निघालेल्यांत काठी नसलेला माणूस शोधावा लागतो. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून कोणी म्हणाले की दर्पण कॉलनीच्या हवेत काही दोष आहे, तर ते मूर्खपणाचे होईल. म्हणून आधी वयाचा हिशेब सारखा करून घ्यावा लागतो. दोन्हीकडे तरुण-म्हातारे सारख्याच प्रमाणात असते तर काय झाले असते, ते काढायचे, आणि मग तुलना करायची. हे एवढे समजले की आमच्या शास्त्राचा अर्धा भाग समजला.

उरलेला अर्धा असा की कमी आकडा पाहून आनंदू नये. कमी आकडा पुष्कळदा आरोग्याचा नसतो, आळसाचा असतो. घरी कोणी विचारायला गेले नाही, डॉक्टरांनी मृत्यूचे कारण ‘हृदय बंद पडले’ एवढेच लिहिले, की कर्करोग कागदावरून नाहीसा होतो. हृदय सर्वांचेच बंद पडते. ते कारण नव्हे, ती घटना आहे.

एकदा एका हिंदी दैनिकाचा वार्ताहर आला. खुर्चीवर बसण्याआधीच त्याने विचारले, “सर, एक लाइन में बता दीजिए. ग्वालियर देश से आगे है या पीछे?”

“किस बात में?”

“कैंसर में.”

“आगे होना चाहते हैं आप?”

तो गोंधळला. मी त्याला वयाचा हिशेब समजावून सांगितला. थाटीपुर, दर्पण कॉलनी, सर्व. तो शांतपणे ऐकत राहिला आणि मग म्हणाला, “सर, यह तो छपेगा नहीं.” दुसऱ्या दिवशी ग्वाल्हेर आगे असल्याचे छापून आले.

त्याच आठवड्यात वसंतरावांच्या शहरातल्या दैनिकाने त्यांची मुलाखत घेतली. अर्धे पान. वयाचा हिशेब त्यांनीही समजावून सांगितला होता. तो छापला गेला, आणि वर त्यांचा हसतमुख फोटो.

हे असेच चालत आले. दरवर्षी सर्व शहरांची सभा होई. आपापली लाल रेषा पडद्यावर दाखवायची. आमची रेषा, विशेषतः स्त्रियांच्या मृत्यूंची, देशाच्या रेषेच्या वर राही आणि वरच चढे. त्यांची खाली राही आणि उतरे. वसंतराव उभे राहिले की सभागृहातले लोक सावरून बसत. ते आधी एखादा विनोद सांगत, मग रेषा दाखवत. सभा चालवणारे वरिष्ठ साहेब माझ्याकडे वळून म्हणत, “ग्वालियर वाले, कुछ अपने जीजाजी से सीखिए.” जीजाजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा; वसंतराव बहनोई, धाकट्या बहिणीचे यजमान. ही दुरुस्ती मी दरवर्षी केली. दरवर्षी लोक हसले, आणि तेही वसंतरावांच्या बाजूने.

त्यांचे आकडे मी तपासत असे. अधिकृतपणे नव्हे. चूक असेल तर ती सापडावी, या हेतूने. सापडली नाही. पुष्कळ शोधली.

एवढ्यावर थांबले असते तर मी ते कार्यालयातला विषय म्हणून कार्यालयातच ठेवले असते. पण आईही त्यांच्याकडे राहायला गेली.

गेली ती कुंदाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी, थोड्या दिवसांकरिता. कुंदा चालू लागली तरी आई परतली नाही. मी फोनवर कारण विचारले. म्हणाली, “अरे, इथे बोलायला माणूस आहे.” माझ्या घरीही माणसे होती. मी होतो. भाऊबीजेला मी त्यांच्याकडे जात असे, तेव्हा पाहिले: संध्याकाळी आई आणि वसंतराव पत्ते खेळत. वसंतराव लबाडी करत, आई त्यांच्या हातावर चापट मारी, “जावई असून असं खेळता? लाज नाही वाटत?” म्हणे आणि स्वतःही लबाडी करी. आई माझ्याशी कधी पत्ते खेळली नाही. मी खेळत नाही, हे खरे आहे. पण तिने कधी विचारलेही नाही.

मग तिला कर्करोग झाला. निदान तिकडेच झाले, उपचारही तिकडेच. वसंतरावांनी कशात कमी केले नाही. त्यांनी कशात तरी कमी करावे असे मला वाटत असे. ते घडले नाही. डॉक्टरांनी हात टेकल्यावर मी गाडी घेऊन गेलो आणि तिला ग्वाल्हेरला आणले. आमच्यात तशीच रीत आहे. मुलगा असताना आईने मुलीच्या घरी प्राण सोडणे बरे दिसत नाही. लोक मुलाकडे पाहतात.

गाडीत ती म्हणाली, “मला कशाला हलवतोस?”

“आपल्या घरी चल,” मी म्हणालो.

“मग इतके दिवस कोणाच्या घरी होते?”

काही आठवड्यांनी ती दर्पण कॉलनीतल्या माझ्या घरी वारली. कार्यालयात नोंद झाली. पत्ता कोणी विचारला नाही. तिथला साहेब मीच; साहेबांच्या आईचा पत्ता कोण विचारणार? ग्वाल्हेरच्या स्त्रियांच्या मृत्यूंत तिची गणना झाली. मला ते योग्य वाटले. त्या वर्षी लाल रेषा आणखी किंचित चढली.

पुढल्या वर्षी मशीनचा विषय निघाला. कर्करोगाच्या सिकाईचे, म्हणजे किरणांच्या उपचाराचे नवे मशीन सरकार एका शहराला देणार होते. आमच्याकडचे जुने मशीन चालू दिवसांपेक्षा बंदच जास्त असे. बायका दिल्लीला जात, आग्र्याला जात. काही जातच नसत. निकष असा ठरला की ज्या शहराचा मृत्युदर देशाच्या दराहून अधिक वर आणि चढता, त्या शहराची गरज मोठी. अखेरीस दोनच शहरे विचारात राहिली. एक आमचे; दुसरे वसंतरावांचे, कारण आसपासच्या जिल्ह्यांचा भार त्यांच्यावर होता.

आयुष्यात प्रथमच माझी रेषा त्यांच्या रेषेपेक्षा उपयोगाची ठरणार होती. मला समाधान वाटले. मशीन आम्हाला हवेच होते. ते त्यांना मिळू नये, हेही मला हवे होते. यांतले कोणते अधिक हवे होते, हे मी त्या वेळी मोजले नाही.

प्रस्ताव पाठवण्यापूर्वी नमुन्यादाखल काही घरांची फेरतपासणी करायची असते. तशी मी माधवगंजातल्या एका घरी गेलो. खाली शिलाई यंत्रांच्या सुट्या भागांचे दुकान, वर बिऱ्हाड. मराठीच कुटुंब. घरमालकाची आई कर्करोगाने गेली होती. मालक साधारण पन्नाशीचे, हातात सुपारी. त्यांची पत्नी चहा घेऊन आली.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. “आई कुठे राहत होत्या?”

“इथेच, साहेब. शुरूपासून आमच्याजवळ.”

पत्नीने कप ठेवला. “शुरूपासून?”

“तू आत जा.”

“जाते. पण साहेब सरकारी आहेत, खोटं कशाला? आई तर ताईंकडे होत्या ना, किती साल झाले. ह्यांनी शेवटी शेवटी आणल्या. अ‍ॅम्ब्युलन्सचं भाडं मी दिलंय.”

“अगं, चुप बैठ!” मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, “साहेब, आता तुम्हीच सांगा. मुलगा जिता-जागता असताना आई मुलीकडे गेली असं समाजात कळलं तर तोंड दाखवायला जागा राहील का? म्हणून घेऊन आलो. आपल्या घरून गेली, इज्जतीने गेली. तुम्ही काय केलं असतं?”

“पुढचा प्रश्न,” मी म्हणालो.

जिना उतरताना मला सर्व दिसले. आमचा नियम स्पष्ट आहे. माणूस मरतो कुठे, याला महत्त्व नाही. आजाराआधी वर्षभर किंवा अधिक राहत कुठे होता, ते शहर त्याचे. पण ‘कुठे राहत होत्या’ असे विचारले की मुलगा आपलाच पत्ता सांगणार. दुसरा पत्ता सांगणे म्हणजे स्वतःची बेअब्रू. अशा किती आया ग्वाल्हेरच्या रेषेत शिरल्या असतील? पुरुषांची रेषा देशाच्या जवळ आणि स्त्रियांची इतकी वर, याचे कोडे मला वर्षानुवर्षे उलगडले नव्हते. बाप मुलीच्या घरी राहायला क्वचितच जातो.

मी प्रश्न बदलला. ‘कुठे राहत होत्या’ हा काढून टाकला. नवा प्रश्न: मागची दिवाळी त्यांनी कुठे केली? आणि त्याच्या आधीची? मागची म्हणजे आजार कळण्याआधीची. दिवाळीबद्दल खोटे बोलणे कठीण असते. फराळ कोणी केला, पहिल्या आंघोळीला कोण उठले नाही, कोणाच्या नातवाने हात भाजून घेतला, हे सर्वांना आठवत असते आणि सर्व एकमेकांना दुरुस्त करतात. लागोपाठ दोन दिवाळ्या ज्या घरी, ते घर तिचे. आम्ही स्त्रियांच्या मृत्यूंची सारी घरे पुन्हा फिरलो. लोक चिडले. एका गृहस्थांनी माझ्या माणसाला विचारले, “तुम्ही कैंसरवाले की मिठाईवाले?” पण उत्तरे खरी आली.

मुलींच्या घरून आणलेल्या आया एकेक करून वेगळ्या निघाल्या. उलटही होते: ग्वाल्हेरात लेकीकडे राहून झाशीला, इंदूरला मुलाकडे मरायला नेलेल्या आयाही सापडल्या, आणि त्या आम्हाला आमच्यात घ्याव्या लागल्या. पण त्या थोड्या. वजाबाकीच मोठी झाली. लाल रेषा खाली आली. वेगळ्या काढलेल्यांपैकी बऱ्याच जणी वसंतरावांच्या शहरातून आल्या होत्या. म्हणजे त्यांची उतरती रेषा, जिच्यासाठी लोक सावरून बसत, ती निदान काही अंशी माझ्या शहरातल्या मुलांच्या इज्जतीवर उतरत होती. त्यांनी मोजणीत काही चुकवले नव्हते. त्यांच्या बायका मरायला माझ्याकडे येत होत्या, इतकेच. ते मृत्यू त्यांना परत पाठवायचे, या कल्पनेने मला किती आनंद झाला, ते सांगत नाही.

मात्र ते परत पाठवले की मशीन जाणार होते. देशाच्या रेषेच्या जवळ पोहोचलेल्या शहराला कोण मशीन देईल? आणि त्यांची रेषा वर चढली की निकष त्यांच्या बाजूने. ही सारी फेरतपासणी मी माझ्याच हाताने काढली होती. कोणी सांगितली नव्हती, आणि गप्प राहिलो असतो तर कोणी विचारलेही नसते. कार्यालयातले मुख्य लिपिक मला म्हणाले, “सर, मशीन आने दीजिए. गिनती अगले साल ठीक कर लेंगे.” ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांची भावजय सिकाईसाठी आग्र्याला जात होती.

मी रात्रंदिवस विचार केला असे लिहिणार नाही. विचार करण्यासारखे त्यात काही नव्हते. मात्र एक घर राहिले होते. दर्पण कॉलनीतले.

मागची दिवाळी तिने कुठे केली? त्याच्या आधीची? मला उत्तर ठाऊक होते. दोन्ही वेळा भाऊबीजेला मी तिकडे गेलो होतो. वसंतराव सोऱ्यातून वेड्यावाकड्या चकल्या पाडत होते आणि आई हसून हसून डोळे पुसत होती. मी तिचे नाव ग्वाल्हेरातून काढले आणि इतरांबरोबर त्यांच्या शहराच्या यादीत घातले.

सभा राजधानीत झाली. पडद्यावर आमची नवी लाल रेषा आली. निळ्या रेषेच्या अगदी जवळ. इतकी वर्षे तिथे पोहोचावे अशी माझी इच्छा होती. मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सभागृहाने साथ दिली. माझ्यासाठी सभेत टाळ्या झाल्या, त्या एवढ्याच.

मग साहेबांनी विचारले, “यानी ग्वालियर में उतनी दिक्कत नहीं है?”

“दिक्कत है, साहब. जितनी हमारी है, उतनी बता दी.”

मशीन त्यांना मिळाले. आमच्याकडच्या बायकांना आता आग्र्याऐवजी तिकडे जावे लागते. मुख्य लिपिकांनी निवृत्तीपर्यंत माझ्याशी कामापुरतेच बोलणे ठेवले. त्यांचे चुकले असे मला वाटत नाही.

सभा संपल्यावर व्हरांड्यात वसंतराव आले. दोन्ही हातांत चहाचे पेले. माझ्या शहरातून त्यांना पाठवलेली यादी काखेत.

“दादा, यादी पाहिली. भारी काम आहे. आमच्या तर डोक्यातच आलं नव्हतं.”

“येणार कसे? तुमच्याकडची नावे कमीच होत होती.”

ते हसले. त्यांना असे काही लागत नाही. मग म्हणाले, “यातलं एक नाव मात्र आम्हाला घेता येणार नाही.”

कोणते, ते मी विचारले नाही. “नियम वाचा. लागोपाठ दोन दिवाळ्या तुमच्याकडे झाल्या. मी स्वतः पाहिल्या आहेत.”

“तसं नाही, दादा. घेता येणार नाही, कारण आईंचं नाव आमच्याकडे आहेच. निदान झालं त्याच आठवड्यात घेतलं, आणि त्या गेल्यावर मृत्यूही नोंदवला.”

“मला न विचारता?”

“अहो, मी ग्वाल्हेरचाच पत्ता सांगत होतो. म्हटलं, तुम्हाला बरं वाटेल. नोंदीचं कार्ड करणारी मुलगी लिहायलाही लागली होती. तर आईच मध्ये बोलल्या. ‘वसंतराव, मी काय इथे पाहुणी आहे?’ मग काय करणार? तिला म्हटलं, खोड ते.”

समोरच्या झाडाखाली चालक मंडळी गाड्या पुसत होती. मी चहा संपवला. साखर जास्त होती. वसंतरावांनी आणलेल्या चहात ती असतेच.

“म्हणजे ती दोनदा मोजली गेली होती,” मी म्हणालो.

“हो. म्हणून सांगायला आलो. एकीकडून काढायला हवी.”

“काढली आहे.”

“पाहिलं मी.” त्यांनी माझ्या हातातला रिकामा पेला घेतला. “तुमचं काम नेहमीच चोख असतं, दादा.”

हे त्यांनी मनापासून म्हटले. वसंतरावांची मला सहन न होणारी गोष्ट हीच आहे. ते मनापासून बोलतात. आईला तेच आवडत असावे.